उमेदवारी, आंतरवासिता आणि मराठीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी महाराष्ट्रातील विद्यापीठांत पदव्युत्तर स्तरावर २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाली आणि एम. ए. मराठीच्या पहिल्या वर्षात भाषाविज्ञान, साहित्यप्रकार, संशोधनपद्धती या परिचित अभ्यासपत्रिकांच्या शेजारी एक अपरिचित घटक येऊन बसला. कार्यप्रशिक्षण अथवा क्षेत्रप्रकल्प हे त्याचे नाव. त्यासाठी चार श्रेयांक. एका श्रेयांकास तीस तास या हिशेबाने विद्यार्थ्याने एकशेवीस तास वर्गाबाहेर, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घालवावेत अशी अपेक्षा आहे. अभियांत्रिकी, वैद्यक, शिक्षणशास्त्र या शाखांना यात नवे काही नाही. मराठी विभागांपुढे मात्र या तरतुदीने एक खरा प्रश्न उभा केला आहे. ज्ञानेश्वरीची भाषा, नवकवितेतील प्रतिमासृष्टी किंवा व्याकरणविचाराचा इतिहास अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्याने हे एकशेवीस तास कोठे काढावयाचे, आणि काढल्यावर त्यांचा त्याच्या अभ्यासाशी संबंध काय राहावयाचा?

या प्रश्नाचे एक उत्तर व्यवहाराने आधीच देऊन टाकले आहे. विद्यार्थी ओळखीच्या एखाद्या संस्थेकडे जातो, तेथे त्याला पत्ते लिहिणे, छायाप्रती काढणे, आल्यागेल्याची नोंद ठेवणे असले काही काम मिळते अथवा तेही मिळत नाही; महिन्याअखेर शिक्का मारलेले प्रमाणपत्र मात्र मिळते. प्रमाणपत्र विभागात येते, गुण नोंदवले जातात आणि प्रकरण संपते. या प्रकाराला शिक्षण म्हणता येणार नाही हे कोणीही मान्य करील. परंतु त्याची चिकित्सा करावयाची तर ‘कामातून शिकणे’ या कल्पनेचे घटक कोणते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

१

या कल्पनेसाठी मराठीत जे शब्द वापरले जातात त्यांचा विचार येथे उपयोगी ठरतो. शासकीय कागदपत्रांत ‘आंतरवासिता’ हा शब्द आता रूढ झाला आहे. तो वैद्यकीय शिक्षणातून आला. रुग्णालयाच्या आत राहून काम करणारा नवा डॉक्टर हा त्याचा मूळ संदर्भ. या शब्दाचा भार ‘आत’ या कल्पनेवर आहे. त्याच्याशी रूपसाम्य असलेला परंतु फार जुना असा ‘अंतेवासी’ हा शब्द संस्कृतात आहे. त्यातील ‘अंते’ म्हणजे शेवटी नव्हे, तर जवळ. गुरूच्या सन्निध राहणारा तो अंतेवासी. सप्तमीचा प्रत्यय लोप न पावता समासात टिकून राहिला आहे, आणि त्या प्रत्ययात शिक्षणाची एक पद्धतही टिकून राहिली आहे असे म्हणता येईल. आंतरवासी कोठेतरी आत असतो. अंतेवासी कोणाच्या तरी जवळ असतो. केवळ संस्थेच्या इमारतीत तास काढणाऱ्या विद्यार्थ्याला पहिले विशेषण लागू पडेल, दुसरे पडणार नाही.

तिसरा शब्द या दोहोंपेक्षा मराठी माणसाच्या अधिक अंगवळणी पडलेला आहे, तो म्हणजे ‘उमेदवारी’. फारसीतील उमेद म्हणजे आशा. आशेवर असलेला तो उमेदवार. कचेरीत, वकिलाकडे, छापखान्यात किंवा पेढीवर बिनपगारी अथवा नाममात्र पगारावर राबत राहावयाचे, काम पाहून शिकावयाचे आणि कधीतरी जागा मिळेल या आशेवर दिवस काढावयाचे, ही उमेदवारी. निवडणुकीच्या राजकारणाने हा शब्द आज जवळजवळ पूर्णपणे आपल्याकडे ओढून घेतला असला तरी ‘त्याने अमक्याच्या हाताखाली उमेदवारी केली’ हे वाक्य अजून कोणाला समजावून सांगावे लागत नाही. १९६१ च्या केंद्रीय कायद्याचे मराठी रूप करताना ‘शिकाऊ उमेदवार’ ही संज्ञा वापरली गेली, ती म्हणूनच अचूक आहे. त्या कायद्याने उमेदवाराला विद्यावेतनाचा हक्क दिला. आशेच्या जोडीला कराराचा आधार आला. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. कला शाखेच्या पदवीधरास मात्र २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. भाषेचा पदवीधर काही ‘काम’ शिकू शकतो हे कायद्याच्या ध्यानी येण्यास इतका काळ लागला, ही गोष्ट नोंदवून पुढे जाऊ.

‘सहकारी शिक्षण’ ही पाश्चात्त्य विद्यापीठांतील संज्ञा मराठीत शब्दशः आणली तर वाचकाच्या डोळ्यांपुढे साखर कारखाना आणि पतपेढी उभी राहते. त्या संज्ञेतील सहकार विद्यापीठ आणि काम देणारी संस्था यांच्यातील आहे, सभासदांमधील नाही. तिच्यामागचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण आपल्या चार श्रेयांकांत काय राहून गेले आहे ते त्या इतिहासाशी ताडून पाहिले म्हणजे स्पष्ट होते.

२

हर्मन श्नायडर हे स्थापत्य अभियांत्रिकीचे अध्यापक १९०३ साली अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात आले. त्यापूर्वी ते लीहाय विद्यापीठात होते. शाळेत शिकलेला सिद्धान्त आणि कारखान्यातील व्यवहार यांची गाठ पदवी मिळाल्यानंतर पडते, आणि तोवर उशीर झालेला असतो, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता. विद्यार्थ्यांच्या जोड्या करावयाच्या. जोडीतील एकाने एक आठवडा वर्गात बसावयाचे तेव्हा दुसऱ्याने कारखान्यात काम करावयाचे, आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल. अशा रीतीने कारखान्यातील जागा कधी रिकामी पडत नसे आणि वर्गही थांबत नसे. कामाचे वेतन कारखाना देत असे. विद्यापीठाच्या विश्वस्तांचा या योजनेवर फारसा विश्वास नव्हता. त्यांनी एका वर्षापुरती परवानगी दिली आणि अपयशाची जबाबदारी आपल्यावर घेतली नाही. १९०६ साली सत्तावीस विद्यार्थ्यांनिशी हा प्रयोग सुरू झाला. पुढे हेच श्नायडर त्या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले.

या योजनेत तीन गोष्टी आहेत. काम खरे आहे, म्हणजे ते विद्यार्थ्याने केले नाही तर दुसऱ्या कोणाला करावे लागेल. कामाला वेतन आहे. आणि विद्यार्थी परत येतो. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी जुन्या उमेदवारीच्या चांगल्या नमुन्यांतही सापडतील. तिसरी गोष्ट श्नायडर यांची आहे. सोमवारी वर्गात आलेला विद्यार्थी गेल्या आठवड्यात यंत्रावर अडलेली गोष्ट घेऊन येतो आणि अध्यापकाला त्या अडलेल्या गोष्टीला सामोरे जावे लागते. काम हा अभ्यासक्रमाच्या शेवटी चिकटवलेला तुकडा राहत नाही, तो अभ्यासक्रमाला प्रश्न पुरवतो. माझ्या मते सहकारी शिक्षणाचे मर्म अनुभवात नसून या परतण्यात आहे.

हा सारा विचार अभियंत्यांसाठी आहे, त्याचा साहित्याशी संबंध काय, अशी शंका येथे घेतली जाईल. तिचे उत्तर ओहायो राज्यातीलच यलो स्प्रिंग्ज या गावी असलेल्या अँटिऑक महाविद्यालयाने १९२१ साली दिले. आर्थर मॉर्गन हे स्वतः अभियंते असलेले अध्यक्ष. त्यांनी कामाच्या आणि अभ्यासाच्या सत्रांची ही आलटापालट भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही लागू केली. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाची तर १९५७ मधील सुरुवातच या पद्धतीने झाली आणि आज तेथे कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही ती खुली आहे. ऑक्सफर्डचा इंग्रजी शब्दकोश संगणकावर आणण्याच्या कामात १९८० च्या दशकात ज्या विद्यापीठाचा मोठा वाटा होता ते हेच वॉटर्लू, हा निव्वळ योगायोग असेलही. परंतु कोशरचनेसारखे काम विद्यापीठाचे काम आहे असे मानणारे वातावरण तेथे होते, एवढे म्हणण्यास हरकत नाही. आपल्या देशात पिलानीच्या तंत्रविज्ञान संस्थेने १९७३ साली विद्यार्थ्यांना कारखान्यांत पाठविण्याची व्यवस्था अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग केली. भाषाविभागांपर्यंत ती झुळूक पोचली नाही.

३

मराठीच्या क्षेत्रात कामातून शिकण्याची परंपरा नव्हती असे मात्र नव्हे. उलट, मराठी भाषेची जी मोठी कामे झाली त्यांतील बहुतेक कामे करणारी माणसे विद्यापीठाबाहेरच्या उमेदवारीतूनच तयार झाली. जावजी दादाजी वयाच्या दहाव्या वर्षी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. खिळे घासता घासता अक्षराचे वळण त्यांच्या हातात बसले. १८६९ साली त्यांनी काढलेल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी मुद्रणाला जे रूप दिले ते या उमेदवारीचे फळ होय.

याहूनही बोलके उदाहरण कोशवाङ्मयाचे आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड सिद्ध केले. त्या कामाचा इतिहास त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात सांगितला आहे. ज्ञानकोशाच्या कचेरीत काम करणाऱ्या सहकाऱ्यांमध्ये यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे दोघे होते. याच दोघांनी पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात संपादित केले; पुरवणी विभाग १९५० साली निघाला. कोशरचना शिकविणारा एकही अभ्यासक्रम त्या वेळी मराठीत नव्हता. नोंदी कशा मागवाव्यात, चिठ्ठ्या कशा लावाव्यात, वर्णानुक्रम कोठे दगा देतो, लेखकाचा मजकूर किती छाटावा, छापखान्याच्या वेगाशी संपादनाचा वेग कसा जुळवावा, हे ज्ञान केवळ चालू कामाच्या जवळ राहूनच मिळण्यासारखे होते. ज्ञानकोशाची कचेरी हीच शब्दकोशकारांची शाळा ठरली. अंतेवासी या शब्दाचा अर्थ येथे पुरेपूर लागू पडतो.

तथापि या परंपरेचा गौरव करताना तिची उणीव झाकणे बरे नव्हे. ती निवडक माणसांची परंपरा होती; ज्याला पुण्यात किंवा मुंबईत राहणे आणि अल्प वेतनावर वर्षे काढणे परवडले, त्याच्यापुरतीच ती खुली होती. शिवाय तेथे मिळालेले ज्ञान विद्यापीठात क्वचितच परत आले. मराठीच्या अभ्यासक्रमात शब्दकोशांचा इतिहास असतो. शब्दकोशातील एक नोंद कशी तयार करतात हे सहसा नसते.

पहिल्या उणिवेवर आपल्याकडे एक उत्तर शोधले गेले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने आणि विशेषतः १९४७ साली साताऱ्यास सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाने ‘कमवा व शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणात आणले. पुढे अनेक विद्यापीठांनी त्याच नावाची योजना स्वीकारली. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासावारी काम करून शिकलेले प्राध्यापक आज महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात भेटतील. या योजनेने श्रमाला प्रतिष्ठा दिली आणि पोटाला आधार दिला. तिच्यात कामाचा अभ्यासविषयाशी संबंध असावा ही अट मात्र नव्हती. म्हणजे आपल्याजवळ एकीकडे अशी योजना आहे की जिच्यात मोबदला आहे पण विषयाशी नाते नाही, आणि दुसरीकडे आता असे श्रेयांक आले आहेत की ज्यांत विषयाशी नाते अपेक्षित आहे पण मोबदल्याची हमी नाही. श्नायडर यांच्या आराखड्यात एकत्र असलेल्या गोष्टी आपल्याकडे दोन वेगळ्या खात्यांत वाटल्या गेल्या. एकाच विद्यार्थिनीने दुपारी ‘कमवा व शिका’ मध्ये ग्रंथालयाची कपाटे पुसावयाची आणि सुटीत पदरचे पैसे घालून आंतरवासितेचे तास भरावयाचे, असा प्रसंग त्यातून उद्भवू शकतो. तिला त्याच ग्रंथालयातील जुन्या नियतकालिकांची सूची करण्याचे काम, मोबदल्यासह आणि श्रेयांकांसह, का देता येऊ नये?

४

मराठीच्या विद्यार्थ्याने कोणते काम करावे याची यादी देणे सोपे आहे. मुद्रितशोधन, अनुवाद, वृत्तपत्रातील संपादन, ध्वनिपुस्तकांची संहिता, विश्वकोशासाठी नोंदींची तपासणी, बोलीतील शब्दसंग्रह, रुग्णालयातील संमतिपत्रांचे सुबोध मराठी, ही सारी कामे आहेत आणि त्यांना माणसेही लागतात. परंतु यादीने काही साधत नाही. काम निवडण्याची कसोटी एकच असावी: त्यातून असा प्रश्न निघाला पाहिजे, ज्यासाठी विद्यार्थ्याला वर्गात परत यावेसे वाटेल. एक उदाहरण जरा सविस्तर पाहू.

समजा विद्यार्थी एखाद्या प्रकाशकाकडे मुद्रितशोधन करीत आहे. १९६२ साली शासनमान्य झालेले आणि १९७२ साली चार नियमांची भर पडलेले अठरा नियम त्याच्या टेबलावर आहेत. ‘कवि’ चे ‘कवी’ करणे, ‘गति’ चे ‘गती’ करणे त्याला पहिल्याच दिवशी जमते. दुसऱ्या दिवशी ‘बुद्धीवैभव’ येते, आणि समासातील पूर्वपद तत्सम ऱ्हस्वान्त असल्यास ऱ्हस्वच ठेवावे हा नियम आठवून तो ‘बुद्धिवैभव’ करतो. तिसऱ्या दिवशी ‘विद्यार्थीमंडळ’ येते. नियमाप्रमाणे येथे ‘विद्यार्थिमंडळ’ हवे. का, तर मूळ संस्कृत शब्द ‘विद्यार्थिन्’ असा आहे. परंतु ‘लक्ष्मीपुत्र’ मध्ये दीर्घ तसाच ठेवावयाचा, कारण ‘लक्ष्मी’ मुळातच दीर्घ आहे. आता विद्यार्थ्याला कळते की हा नियम पाळण्यासाठी मराठी येऊन भागत नाही, संस्कृतातील प्रातिपदिक ठाऊक असावे लागते. ज्याने शाळेत संस्कृत घेतले नाही त्याने काय करावे? लेखकाने अट्टहासाने ‘विद्यार्थीमंडळ’ लिहिले असेल तर मुद्रितशोधकाचा अधिकार कोठपर्यंत? आणि त्याच हस्तलिखितातील कथेत एखादी आजी ‘व्हतं’, ‘न्हाई’ असे बोलत असेल, तिच्या एका संवादात ‘होतं’ आले असेल, तर ती लेखकाची चूक, टंकलेखकाची सवय की आजीच्याच बोलण्यातील खरी सरमिसळ?

हे तीन प्रश्न वर्गात आणले तर एक लेखनव्यवस्थेचा इतिहास उघडतो, दुसरा संपादनशास्त्र, आणि तिसरा समाजभाषाविज्ञान. प्रमाणभाषेची व्याख्या पाठ केलेला विद्यार्थी आणि त्या आजीच्या एका क्रियापदापाशी पेन्सिल थबकलेला विद्यार्थी यांच्या आकलनात फरक असतो, आणि तो परीक्षेत दिसला नाही तरी त्यांच्या पुढील अध्यापनात दिसतो. उलट, हाच विद्यार्थी मुद्रिते तपासून थेट प्रमाणपत्र घेऊन घरी गेला तर त्याच्या हाती एक कसब येईल, परंतु ते तीन प्रश्न प्रकाशकाच्या टेबलावरच राहतील.

मोडी लिपीचे काम याच जातीचे, फक्त त्यातील जोखीम मोठी. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुनी दप्तरे वाचू शकणाऱ्यांची गरज महाराष्ट्रात अनेक ठिकाणी एकाएकी भासली. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात, संक्षेप पुष्कळ असतात. वर्णमाला गिरवणे आणि दप्तर वाचणे यांतील अंतर एखाद्या जाणत्या वाचकाच्या शेजारी बसल्याशिवाय कापले जात नाही. येथे एका अक्षराच्या वाचनावर कोणाचा तरी दाखला अवलंबून असू शकतो, म्हणून शिकाऊ माणसाचे वाचन तपासल्याशिवाय पुढे जाऊ देणे हा अपराध ठरेल. काम खरे असावे असे म्हणताना ते देखरेखीखाली असावे हे ओघानेच येते.

५

यावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की, मराठी विभाग हे नोकऱ्या लावून देणारे कार्यालय नव्हे. साहित्याचा अभ्यास हा संवेदनेचा आणि विचाराचा अभ्यास आहे आणि त्याला बाजाराच्या दावणीला बांधणे अनुचित होय. या आक्षेपातील काळजी रास्त आहे. पण तो आक्षेप रिकाम्या प्रमाणपत्राला लागू पडतो, वर वर्णिलेल्या मुद्रितशोधनाला पडत नाही. शिवाय श्रेयांक आता अभ्यासक्रमात आहेतच. विभागाने त्यांचा आशय ठरविला नाही तर तो दुसरे कोणीतरी ठरवील.

व्यवस्थेच्या दृष्टीने एक गोष्ट सहज करता येण्याजोगी आहे. एकशेवीस तास सुटीत सलग उरकण्याऐवजी पंधरा आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला एक दिवस, आठ तास, असे वाटले तर संख्या तीच राहते आणि परतण्याची सोय आपोआप होते. शुक्रवारी कामावर, सोमवारी वर्गात. सोमवारच्या एका तासिकेत प्रत्येकाने अडलेली एक गोष्ट मांडावी आणि ती कोणत्या अभ्यासपत्रिकेकडे जाते हे सर्वांनी मिळून ठरवावे. मूल्यमापन तासांच्या हजेरीवर न करता या नोंदवहीवर करावे. ज्या महाविद्यालयाजवळ प्रकाशक नाही, वृत्तपत्र नाही, तेथे तालुक्याचे सार्वजनिक ग्रंथालय असते, ग्रामपंचायतीचे दप्तर असते, जात्यावरच्या ओव्या जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया असतात. क्षेत्रप्रकल्पाचा पर्याय अशांसाठीच ठेवलेला आहे. श्नायडर यांची जोड्यांची कल्पनाही येथे उपयोगी पडेल: दोन विद्यार्थी एकाच कामावर आळीपाळीने गेले तर काम देणाऱ्याला सातत्य मिळते आणि एकाचे टिपण दुसऱ्याला तपासता येते.

दोन गोष्टी मात्र विभागाच्या हाती नाहीत. कामाच्या ठिकाणी जाऊन देखरेख करणाऱ्या अध्यापकाचा तो वेळ त्याच्या कार्यभारात धरला गेला पाहिजे; तो धरला न गेल्यास देखरेख दूरध्वनीवर होईल आणि नोंदवहीवर न वाचता सही होईल. दुसरी गोष्ट पैशाची. आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणाऱ्या विद्यार्थ्याला एस. टी. चे भाडे आणि दुपारचे जेवण लागते, आणि त्या दिवसाची शेतावरची किंवा दुकानातील मजुरी बुडते. विद्यापीठांच्या ‘कमवा व शिका’ योजनेतील तासांचा दर या कामांना लागू करण्यास फार मोठी रक्कम लागणार नाही. त्यासाठी योजनेच्या नियमांत ‘अभ्यासविषयाशी संबंधित काम’ असे एक कलम घालावे लागेल आणि तो प्रस्ताव अभ्यासमंडळाकडून नव्हे तर विद्यार्थी विकास मंडळाकडून जावा लागेल. मराठी विभागांनी येत्या सत्रापूर्वी तो पाठविण्यासारखा आहे.